विमा कंपनीच्या डॉक्टरांपुढे जाण्याआधी : अपघातात जखमी झालेल्या कोकणवासीयांसाठी

अपघाताला सात-आठ महिने झालेले असतात. पायातली सळई अजून तशीच असते, दावा दाखल झालेला असतो, आणि एक दिवस पोस्टमन पत्र आणून देतो : अमुक तारखेला, अमुक वाजता, रत्नागिरीत नाहीतर कोल्हापुरात अमुक डॉक्टरांकडे वैद्यकीय तपासणीसाठी हजर राहावे. पत्र विमा कंपनीचं असतं. घरात लगेच दोन मतं पडतात. एक म्हणतो, "जाऊच नको, ते आपल्या विरोधातच लिहिणार." दुसरा म्हणतो, "जा, आणि चांगला लंगडत जा." दोन्ही सल्ल्यांनी नुकसानच होतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. अशा तपासणीला निघालेली माणसं आदल्या आठवड्यात माझ्याकडे येतात. त्यांच्यातल्या फार थोड्यांना दुखणं फुगवून सांगायचं असतं. बहुतेकांची अडचण नेमकी उलटी असते. आपल्याकडच्या माणसाला "कसं आहे?" विचारलं की "बरा आसा, चल्ता" म्हणून तो मोकळा होतो. दुखणं सांगत बसणं म्हणजे रडगाणं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. शेजाऱ्याशी बोलताना ते शोभतं. कंपनीच्या डॉक्टरांसमोर मात्र त्याचं वाक्य होतं, "रुग्णाची विशेष तक्रार नाही," आणि ते अहवालात कायमचं बसतं. डॉक्टर तुम्हाला एकदाच बघणार, तेही थोडा वेळ. तेवढ्यात तुमचा रोजचा दिवस, आहे तसा, मोजता येईल अशा शब्दांत त्यांच्यापुढे ठेवायचा आहे. तयारी म्हणायची ती एवढ्याचीच. कायद्याची बाजू तुमच्या वकिलांकडून तुमच्या प्रकरणापुरती तपासून घ्याच.

आधी बघा, पत्र कुणाचं

सगळी विमा-पत्रं सारखी नसतात. पत्र हातात आलं की कोणत्या पॉलिसीखाली, कोणत्या दाव्यात आणि कुणाच्या हुकमाने बोलावलंय ते वाचा.

तुमची स्वतःची वैयक्तिक अपघात विम्याची पॉलिसी असेल, तर कंपनीला स्वतःच्या खर्चाने तुमची तपासणी करून घेता येते. तशी अट बहुतेक पॉलिसींत छापलेलीच असते. इथे कारण न देता गैरहजर राहिलात की दावा अडकला. बँकखात्यातून वर्षाला २० रुपये कापून जाणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना याच जातीची. पण तिचे निकष फार अरुंद आहेत. अंशतः कायमच्या अपंगत्वाचे १ लाख मिळतात ते एका डोळ्याची दृष्टी किंवा एका हाताचा वा पायाचा वापर पूर्णपणे गेला तरच. दोन बोटं गेली, गुडघा आखडला, यावर तिथून काही मिळत नाही. त्यामुळे असल्या तपासणीला जाण्याआधी पॉलिसीतली अपंगत्वाची व्याख्या वाचा, नाहीतर डॉक्टर एक शोधतायत आणि तुम्ही दुसरंच सांगताय असं होतं.

दुसरा प्रकार रस्ता अपघाताचा. मुंबई-गोवा महामार्गावर डंपरने उडवलं, आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली तुम्ही मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात गेलात. इथे समोरची कंपनी तुमची नव्हे, डंपरची. तिच्या नुसत्या पत्रावर आपण होऊन होकार किंवा नकार कळवू नका, आधी पत्र वकिलांना दाखवा. तडजोडीच्या बोलणीत किंवा लोकअदालतीच्या आधी कंपनी आपल्या पॅनेलवरच्या डॉक्टरांकडे पाठवते, आणि पुष्कळदा जाण्यात फायदाही असतो. न्यायाधिकरणानेच वैद्यकीय मंडळाकडे पाठवलं असेल तर प्रश्नच नाही, जायचंच. एक सावधगिरी : "तपासणी होऊ द्या, मग बघू" या आशेवर दावा दाखल करायचा राहू देऊ नका. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आली आहे.

तिसरा प्रकार कामावर झालेल्या इजेचा. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ ची रचना अशी, की अपघाताची सूचना मिळाल्यापासून तीन दिवसांत मालकाने मोफत तपासणी देऊ केली तर कामगाराने ती करून घ्यावी. विनाकारण नाकारली तर नाकारलेल्या काळापुरता भरपाईचा हक्क स्थगित राहतो. त्या कायद्याच्या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आणल्या आहेत. तपासणी होण्याआधी कामाचा परिसर सोडून गेलात तरी परत येऊन हजर होईपर्यंत हक्क थांबतो. मिरकरवाड्यासारख्या बंदरावर हे फार घडू शकतं. ट्रॉलरवरचा खलाशी नेपाळचा नाहीतर कर्नाटकातला, हाताला पट्टी बांधली की त्याला गावची गाडी पकडून दिली जाते. तांडेल (बोटीवरचा मुख्य) हे दयेपोटीच करतो, पण निघण्याआधी मालकाला लेखी सूचना आणि तपासणीची मागणी, एवढं झालंच पाहिजे.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत २०२३ पासून विमा कंपनीच उरलेली नाही. ते आता कृषी खात्यामार्फतचं सानुग्रह अनुदान आहे. त्याची कागदपत्रं तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जातात, कंपनीच्या डॉक्टरांचा संबंध नाही. कुणी त्या योजनेच्या नावावर 'तपासणी फी' मागितली तर सरळ कृषी कार्यालय गाठा.

तारीख पाळता येणार नसेल तर

पत्राला लेखी उत्तर द्या. ई-मेल आणि स्पीड पोस्ट, दोन्ही. फोनवरचं "हो हो, सांगतो साहेबांना" हे कुठेच नोंदलं जात नाही. जुलै महिन्यात घाटात दरड येते, एसटी बंद होते, खाडीपलीकडच्या वाडीतून निघणंच अवघड. ही खरी कारणं आहेत, पण ती तारखेच्या आधी किंवा निदान त्याच दिवशी लिहून पोचली पाहिजेत. दरडीची बातमी छापून आलेलं वर्तमानपत्राचं कात्रण सोबत जोडलं तर उत्तम.

त्याच उत्तरात चार गोष्टी विचारा : तपासणारे डॉक्टर कोणत्या विषयातले, नवीन एक्स-रे किंवा एमआरआय काढणार का, प्रवासखर्च कोण देणार, आणि अहवालाची प्रत मिळेल का. हाताची नस (मज्जातंतू) तुटलेली आणि तपासायला जनरल फिजिशियन, असं असेल तर अस्थिरोगतज्ज्ञ किंवा मेंदू-मज्जातंतूंचा डॉक्टर मागा. नाही मिळाला तरी मागितल्याची नोंद राहते.

वेळेचाही विचार करा. सळई काढायचं ऑपरेशन बाकी असेल, हाड अजून जुळत असेल, तर 'कायमचं' किती राहणार हे आजच कुणालाच सांगता यायचं नाही. उपचार करणाऱ्या सर्जनकडून तशी दोन ओळींची चिठ्ठी घ्या. नसेच्या दुखापतीत तर सुधारणा वर्ष-दीड वर्षही सुरू राहते. घाईत काढलेली टक्केवारी तुमच्या बाजूने चुकेल असं नाही.

कागद, आणि कोकणातली हवा

आपल्याकडच्या जखमी माणसाचा प्रवास बघा. आधी ग्रामीण रुग्णालय, तिथे टाके आणि सलाईन, मग १०८ ने रत्नागिरी सिव्हिल किंवा डेरवणचं रुग्णालय. सिंधुदुर्गातला असेल तर थेट बांबोळी, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. तिथे गर्दी म्हणून ऑपरेशन कोल्हापूरला. टाके काढले गावच्या डॉक्टरने, ड्रेसिंग केलं आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने, व्यायाम माझ्यासारख्या कुणीतरी. पाच ठिकाणचे कागद आणि घरात सापडते एकच डिस्चार्ज समरी, तीही गणपतीच्या मखराच्या सामानात. तपासणाऱ्या डॉक्टरांना मधला एखादा दुवा दिसला नाही, तर अहवालात 'नोंद उपलब्ध नाही' असं येतं आणि कंपनीचा वकील तेवढंच वाक्य उचलतो.

म्हणून आजच पत्र द्या. आंतररुग्ण म्हणून जिथे दाखल झाला होतात त्या प्रत्येक ठिकाणी वैद्यकीय नोंदी मागा. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. मात्र त्या जपून ठेवण्याचं बंधन उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षांचं आहे, तेव्हा 'लागेल तेव्हा आणू' म्हणू नका. ऑपरेशनची नोंद वेगळी मागा. डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी असतात. कोणती प्लेट, किती स्क्रू, नस दिसली का, ती कशी होती, हे सगळं ऑपरेशन नोटमध्ये सापडतं. प्लेट-स्क्रूच्या पाकिटावरचे स्टिकर फाईलला चिकटवलेले असतात, त्यांचीही प्रत घ्या. याशिवाय एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, जखमेचा दाखला आणि एमएलसी (रुग्णालयातली पोलीस-प्रकरणाची नोंद) क्रमांक.

एक्स-रेच्या फिल्म हा वेगळाच विषय. आपल्या हवेत पावसाळ्यात त्या एकमेकींना चिकटतात, वर बुरशीचे ठिपके येतात, आणि अपघाताच्या रात्रीची फिल्म, जी सगळ्यात महत्त्वाची, नेमकी तीच खराब झालेली असते. प्रत्येक फिल्म वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, मध्ये कोरा कागद, आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवा. शिवाय खिडकीच्या उजेडावर धरून प्रत्येकीचा मोबाईलवर फोटो काढा, कोपऱ्यातलं नाव आणि तारीख दिसेल असा. सीटीची सीडी असेल तर ती कुणाच्या तरी संगणकावर उघडून बघा. नाव एकाचं आणि आत फोटो दुसऱ्याचे, असाही प्रकार मी पाहिला आहे.

सगळं तारखेप्रमाणे लावा आणि वर एक पान जोडा : तारीख, ठिकाण, काय केलं. एवढंच. मतं नकोत, अपघाताचं वर्णन नको. डॉक्टर हे पान पहिलं उचलतात आणि त्यावरून प्रश्न विचारतात. मूळ कागद दाखवायचे, द्यायच्या त्या झेरॉक्स.

उपचारात खंड पडला असेल तर त्याच पानावर कारणासकट लिहा. "१२ जून ते २० ऑगस्ट : बांबोळीला जाता आलं नाही, मुलगा बोटीवर, सोबत कुणी नाही, गावच्या डॉक्टरांकडून गोळ्या." हे न लिहिता सोडलं तर कंपनीचा अर्थ ठरलेला असतो : त्या काळात दुखत नव्हतं. हाडवैद्याकडे मालिश करून घेतलं असेल तेही सांगा. निम्म्या कोकणाने कधी ना कधी घेतलेलं असतं, डॉक्टरांना त्याचं नवल नाही. लपवलेलं मात्र नंतर बाहेर येतं. तीच गोष्ट जुन्या दुखण्यांची. साखर, संधिवात, आधीचा कमरेचा त्रास, सगळं सांगायचं आणि जोडून सांगायचं की ते असतानाही अपघाताच्या आदल्या दिवसापर्यंत मी कोणतं काम करत होतो. चाळिशीच्या पुढच्या माणसाच्या एमआरआयमध्ये मणक्याची थोडीफार झीज दिसतेच. "मला आधी काहीच नव्हतं" असं ठासून सांगितलं आणि त्यात झीज निघाली, की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका येते.

रोजचा दिवस मोजून घ्या

तयारीचा सगळा जीव इथे आहे, आणि इथेच लोक सर्वांत कमी वेळ देतात.

तपासणीच्या टेबलावर डॉक्टर सांधा किती अंशांत वाकतो ते मोजतात. समजा गुडघा १०० अंश वाकला. खुर्चीत बसायला साधारण ९० पुरतात, म्हणून अहवालात तुमचा गुडघा 'कामचलाऊ' ठरतो. पण उकिडवं बसायला १२० च्याही पुढे वाकावं लागतं. चुलीपुढे बसणं, भाताची लावणी, परसातलं जुन्या पद्धतीचं शौचालय, विळीवर मासे कापणं, होडीत बसून जाळं सांधणं, या सगळ्याचा हिशेब त्या २० अंशांत आहे. टेबलावर तो दिसत नाही. तुम्ही सांगितलं तरच दिसतो : "डॉक्टर, मी उकिडवं बसू शकत नाही. बसून दाखवू का?"

खांद्याचंही तसंच. हात खांद्याच्या उंचीपर्यंत, म्हणजे ९० अंश उचलला गेला की शर्ट घालता येतो, जेवता येतं, एसटीत बसल्या बसल्या समोरचा दांडा धरता येतो. पण एप्रिल-मे महिन्यात बागेत ज्याचं पोट झेल्यावर (आंबे काढायच्या जाळीच्या बांबूवर) चालतं, त्याला लांब बांबू डोक्याच्या वर धरून, मान वर करून, तासन् तास आंबा काढायचा असतो. ९० अंशांचा खांदा घेऊन तो त्या हंगामातून बादच झाला. हे कंपनीच्या मुंबईहून आलेल्या डॉक्टरांना आपोआप कसं कळणार? झेला काय असतो हेच त्यांना ठाऊक नसेल. कामाच्या अवजाराचा फोटो मोबाईलवर न्या आणि हातात धरल्यासारखं करून दाखवा, कुठे अडकतं ते.

दोन आठवडे एका वहीत रोज चार ओळी लिहा. भावना नकोत, मापं हवीत. "कमरेत दुखतं" या ओळीचा कुणालाच उपयोग नाही. "सकाळी विहिरीवरून एक कळशी आणली, दुसरीला अर्ध्या वाटेत ठेवावी लागली, मग अर्धा तास आडवा." ही ओळ कामाची. घाटीच्या किती पायऱ्या चढून थांबावं लागतं, रात्री किती वेळा जाग येते, चप्पल घालायला कोण मदत करतं. बरे दिवसही लिहा. ज्या वहीत एकही बरा दिवस नाही ती वही कुणी खरी मानत नाही. मासे विकणाऱ्या बायकांना मी खास सांगतो : डोक्यावर पाटी चढवायला आता दुसरं माणूस लागतं का, तासभर विळी चालवल्यावर बोटं आखडतात का, सुटे पैसे बोटांतून निसटतात का, हे लिहा. घरकामात 'मी काही करत नाही' असं म्हणायची सवय असते. ते वाक्य तर तपासणीच्या खोलीत अजिबात नको.

एवढी मापं घ्यायची ती कशासाठी? सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणात २०१० साली फरक स्पष्ट केला : एखाद्या अवयवाच्या अपंगत्वाची टक्केवारी वेगळी, संपूर्ण शरीराची वेगळी, आणि कमाईची ताकद किती गेली ती आणखी वेगळी. न्यायालयाने दिलेलं उदाहरण असं, की डावा हात गमावलेल्या ड्रायव्हरची किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण जाऊ शकते, आणि तोच हात गमावलेल्या सरकारी कारकुनाची नोकरी टिकूही शकते. भरपाई ठरते ती या तिसऱ्या आकड्यावर. हिशेब करून बघा. वय ३४, स्वतःचा धंदा, महिना १५,००० मिळकत. भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून २१,०००, वर्षाचे २,५२,०००, त्याला गुणायचं त्या वयासाठी ठरलेल्या आकड्याने (गुणक), इथे १६, म्हणजे ४०,३२,०००. कमाईचं नुकसान १० टक्के धरलं तर ४,०३,२०० रुपये, ३० टक्के धरलं तर १२,०९,६००. मधले आठ लाख त्या माणसाचं काम नेमकं काय होतं आणि त्यातलं काय गेलं यावर ठरतात. अर्थात मिळकतीचा पुरावा वेगळा लागतो, तो वकिलांचा प्रांत.

खोलीत काय होतं

तपासणी दारातून आत येतानाच सुरू होते. तुम्ही कसे चालता, कसे बसता, पिशवी कोणत्या हातात आहे, चप्पल कशी काढता. डॉक्टर तळहात बघतात. सहा महिने कोयता धरला नाही म्हणणाऱ्याच्या हातावर ताजे घट्टे असले तर त्यांना पुढे फारसं विचारावं लागत नाही. चपलेचा तळही बघतात, खरोखर लंगडणाऱ्याची एक बाजू जास्त झिजते.

मग मोजमाप. कोनमापकाने सांधे, टेपने मांडीचा घेर, गुडघ्याच्या वाटीपासून ठराविक अंतरावर, दोन्ही पायांचा. वापर कमी झालेल्या पायाचा स्नायू सुकतो, आणि तो दाखवता किंवा लपवता येत नाही, म्हणून हे माप प्रामाणिक माणसाचा मोठा आधार आहे. त्यांनी घेतलं नाही तर नम्रपणे विचारा. हाताची पकड यंत्रावर मोजतात, मुठीची रुंदी बदलून बदलून. मनापासून दाबणाऱ्याचा आकडा मधल्या रुंदीला जास्त आणि दोन्ही टोकांना कमी येतो. मुद्दाम हलकं दाबणाऱ्याचे आकडे बहुधा सगळीकडे सपाट येतात.

कमरेच्या दुखण्यात उताणं झोपवून सरळ पाय वर उचलतात. तीस अंशांवरच "आई गं" झालं, आणि थोड्या वेळाने टेबलाच्या कडेला बसवून "तळपाय बघू" म्हणत तोच पाय डॉक्टरांनी सरळ केला तेव्हा काहीच झालं नाही, तर ते नोंदलं जातं. डोक्यावर हलका दाब देऊन कमरेत दुखतं का विचारणं, नुसती कातडी चिमटीत धरून बघणं, हेही त्यातलंच. ही चिन्हं गॉर्डन वॅडेल या अस्थिशल्यचिकित्सकाने १९८० मध्ये मांडली. ती कुणाला लबाड ठरवण्यासाठी नव्हेत, असं त्याचं स्वतःचं म्हणणं होतं, पण अहवालांत ती सर्रास त्यासाठी वापरली जातात. यावर युक्ती काही नाही. जिथे दुखतं तिथे "दुखतं" म्हणा, नाही तिथे "नाही." दुखायला लागेपर्यंत हालचाल करा आणि "इथपासून दुखतं, इथून पुढे जात नाही" असं दोन टप्प्यांत सांगा. भीतीने आधीच थांबू नका, आणि भिडेखातर दात-ओठ खाऊन पुढेही नेऊ नका. दुसरं आपल्याकडे जास्त होतं, मोठ्या डॉक्टरसमोर नाही कसं म्हणायचं म्हणून.

प्रश्नांची उत्तरं थोडक्यात. 'कधीच नाही', 'नेहमीच' हे शब्द टाळा. "स्कूटर चालवता?" याचं खरं उत्तर "बाजारापर्यंत चालवतो, त्यापुढे हात बधिर होतो" असं असेल तर तसंच द्या. दुखणं शून्य ते दहा विचारलं तर एक आकडा देऊन थांबू नका : बसल्यावर तीन, काम केल्यावर सात, आत्ता गोळी घेऊन चार. अपघात कुणाच्या चुकीने झाला हे डॉक्टरांचं काम नव्हे. विचारलंच तर "ते एफआयआरमध्ये आहे" एवढं पुरे.

हे डॉक्टर तुमचे नाहीत हेही ध्यानात असू द्या. ते औषध देणार नाहीत, आणि बोललेलं कंपनीकडे जाणार. त्यांच्याशी भांडायचं काहीच कारण नाही. पुष्कळ जण सरळपणे लिहितात. पुरुष डॉक्टर बाईची तपासणी करत असतील तर स्त्री सोबतीण हजर असणं हा रुग्णहक्क आहे, तो न लाजता मागा.

त्या दिवशी

गुहागर-दापोलीकडून रत्नागिरी म्हणजे एसटीत अर्धा दिवस. पाठ तिथेच धरते. शक्य असेल तर आदल्या रात्री नातेवाइकांकडे मुक्काम करा, नाहीतर किती वाजता निघालात आणि प्रवासात काय झालं ते डॉक्टरांना सांगा. रोज काठी वापरत असाल तर काठी न्या. वापरत नसाल तर शेजाऱ्याची मागून नेऊ नका. गोळ्या रोजच्यासारख्याच घ्या, कधी घेतली ते सांगा. सैल कपडे घाला. घरचं एक माणूस सोबत न्या, पण उत्तरं तुम्हीच द्यायची. भाऊ जास्त बोलू लागला की डॉक्टर तुमच्याकडे बघायचं सोडून त्याच्याकडे बघतात.

शिमग्याची पालखी

कंपनीचा तपासनीस गावात येतो. नाक्यावरच्या टपरीवर चहा घेतो, "अमका कुठे राहतो, आता काय करतो" विचारतो, आणि फेसबुक, व्हॉट्सॲप स्टेटसही बघतो. कोकणात त्याला सगळ्यात सोपा महिना फाल्गुन. वर्षभर खांदा दुखतोय म्हणणारा माणूस पालखीचा दांडा खांद्यावर घेतलेल्या फोटोत दिसतो. आता ग्रामदेवतेची पालखी दारात आल्यावर मानकऱ्याने खांदा द्यायचा नाही, हे कोकणाबाहेरच्या माणसाला समजावणं कठीण. पण फोटोला संदर्भ नसतो. त्यात फक्त खांदा आणि दांडा दिसतो, पुढचे तीन दिवस शेकत पडलेला माणूस दिसत नाही.

तेव्हा असं काही झालं असेल तर तपासणीत आपणहून सांगा : "पालखीला दोन मिनिटं खांदा लावला, चांगल्या बाजूचा, मग सोडला." वहीत त्या तारखेला नोंद असेल तर फारच बरं. जुने फोटो आता पुसत बसू नका, ते लपवाछपवीसारखं दिसतं. नवे टाकताना मात्र विचार करा, आणि पुतण्यांनाही सांगा.

सही करण्याआधी

तपासणीला आल्याची सही, तपासणीला संमती, इथपर्यंत ठीक. कोऱ्या कागदावर सही नाही. इंग्रजीतला मजकूर वाचून, मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही नाही. 'पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली' अशा अर्थाचं डिस्चार्ज व्हाउचर तपासणीच्या दिवशी पुढे केलं तर "वकिलांना दाखवतो" म्हणून फोटो काढून घ्या आणि निघा. सही केलेल्या प्रत्येक कागदाचा फोटो काढा.

नंतरचं काम

बाहेर पडल्यावर चहाच्या आधी वही उघडा. आत किती वाजता गेलात, बाहेर किती वाजता आलात, काय विचारलं, कोनमापक वापरला का, टेप लावली का, कोणते एक्स-रे बघितले, नवीन काढले का. पुढे अहवालात 'सर्व सांध्यांची हालचाल मोजली' असं लिहिलेलं निघालं आणि प्रत्यक्षात एकही मोजला नसला, तर ही त्याच दिवशीची नोंद तुमच्या वकिलाला उलटतपासणीत कामी येते. तपासणीमुळे दुखणं वाढलं तर दुसऱ्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना दाखवून कागदावर घ्या.

अहवालाची प्रत लेखी मागा. आल्यावर रागावून फाडू नका, पेन्सिल घेऊन बसा. डावा-उजवा चुकलाय का, ऑपरेशनची तारीख, तुमचं काम 'मजूर' लिहिलंय की 'आंबा काढणी कामगार', टक्केवारी अवयवाची आहे की संपूर्ण शरीराची. तथ्याच्या चुका एका पानात मुद्देवार लिहून पाठवा, पुरावा जोडून. मताबद्दलचा वाद आपल्या सर्जनच्या लेखी मताने घाला. न्यायाधिकरणापुढे नुसता दाखला पुरत नाही, डॉक्टरांना साक्षीला यावं लागतं, हा नियम कंपनीच्या डॉक्टरांना लागतो तसा तुमच्याही. म्हणून ज्या सर्जनने ऑपरेशन केलं त्यांना साक्षीबद्दल आधीच विचारून ठेवा. बदली होऊन गेले असतील तर कुठे, ते शोधा.

स्वतःच्या पॉलिसीचा दावा या अहवालावरून नाकारला, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, आणि कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. विमा नियामकाचा तक्रार क्रमांक १५५२५५. डंपरच्या कंपनीविरुद्ध मात्र लोकपाल उपयोगाचे नाहीत, तिथे न्यायाधिकरणच.

काही वेळा कंपनी पुन्हा दुसऱ्या डॉक्टरकडे बोलावते. पहिल्या अहवालाची प्रत दिल्याशिवाय आणि दुसऱ्या तपासणीचं कारण लेखी सांगितल्याशिवाय तारीख घेऊ नका. स्वतःच्या पॉलिसीच्या दाव्यात थेट नकार न देता ही दोन्ही मागणी करणारं पत्र पाठवा, वाहन अपघाताच्या दाव्यात ते पत्र वकिलांमार्फत जाऊ द्या.